अचूकता ९४ टक्के

टायमावर गेलेला डाव आप्पांच्या हिशेबी हरलेला डाव नसतो. हरायचं तर समोरच्यानं आपल्यापेक्षा बरं खेळावं लागतं, आणि तीन मिनिटांच्या डावात आप्पांपेक्षा बरं खेळलेला माणूस आप्पांना अजून भेटायचाय. म्हणून त्यांच्या वहीत तीन रकाने आहेत : जिंकलो, हरलो आणि टायमावर गेला. दुसरा रकाना जवळजवळ कोरा आहे. तिसऱ्याला जागा पुरेना, तेव्हा आप्पांनी समासात रेघ मारून आणखी एक रकाना काढून घेतला.

आप्पा सांगलीचे. एका सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरला होते. नोटांचं बंडल आधी सरळ मोजायचं, मग उलटं धरून मोजायचं. पुढे मोजायचं मशीन आलं, तेव्हा मशीननं मोजून झालं की मशीन बरोबर मोजतंय का हे बघायला आप्पा पुन्हा हातानं मोजत. काउंटरसमोरची रांग दारातून बाहेर पडून सायकलस्टँडपर्यंत जायची. पण ३१ वर्षांत कॅश एका रुपयानं कमी भरली नाही की जास्त भरली नाही. रांगेतले लोक काय बोलायचे ते आप्पांना कधी ऐकूच गेलं नाही, कारण आप्पा मोजत असायचे.

बुद्धिबळाचंही तेच. सांगली हे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात पोरांच्या पिढ्या घडवल्या. पुढे पाच वेळा राष्ट्रीय विजेती झालेली भाग्यश्री साठे त्यांतलीच. आप्पा तरुणपणी या मंडळाच्या स्पर्धा खेळायचे. अडीच तासांत ४० चाली, असा तेव्हाचा रिवाज. तेवढ्यात डाव संपला नाही तर पुढची चाल कागदावर लिहायची, लिफाफ्यात बंद करायची, लिफाफा पंचांच्या हवाली करायचा आणि घरी जाऊन रात्रभर पट मांडून बसायचं. आप्पांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चाल ही अशी लिफाफ्यातली आहे. ती लिहायला त्यांना पाऊण तास लागला होता, आणि दुसऱ्या दिवशी लिफाफा फोडल्यावर समोरच्यानं एकही मोहरा न हलवता हात पुढे केला. ही हकिकत आप्पा अजून सांगतात. सांगायलाही साधारण पाऊण तास लागतो.

असा माणूस तीन मिनिटांच्या बुद्धिबळात कसा पडला? टाळेबंदीनं पाडला. २०२० साली मंडळं बंद, कट्टे बंद, समोर बसायला माणूस नाही. पिंट्यानं, म्हणजे नातवानं, लॅपटॉपवर लिचेस उघडून दिलं. तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० साली काढलेली ही साइट. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालते. कॅशियरला पहिली शंका तिथंच आली. "फुकट म्हणतोस, मग चार्जेस लावतात कुठं?" पहिला आठवडा आप्पांनी खेळण्याऐवजी अटी वाचण्यात घालवला. काहीच सापडलं नाही, तेव्हा शंका आणखी बळावली.

ही साइट नव्या माणसाला १५०० रेटिंग देऊन खेळायला बसवते. आप्पांना तो अपमान वाटला. ज्याच्या लिफाफ्याला लोक हात जोडायचे, त्याला दीड हजार? लवकरच रेटिंग १४२० झालं, आणि दीड हजार हा अपमान नव्हता, आगाऊ दिलेला मान होता, हे आप्पांच्या ध्यानात आलं.

आप्पा कसे खेळतात हे एकदा शेजारी बसून बघण्यासारखं आहे. मी वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मला ते वारंवार बघावं लागतं. आधी चष्मा पुसायचा. मग माऊसखालचं फडकं सरळ करायचं. मग 'तीन मिनिटं' या चौकटीवर टिचकी मारायची आणि टिचकी मारली की पाठ ताठ करून, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचं. घाईनं मोहऱ्याला हात जाऊ नये म्हणून मांड्यांखाली हात दाबून बसा, ही जुन्या गुरूंची शिकवण. तेव्हा हात लावला की तोच मोहरा खेळावा लागायचा. आता समोर लॅपटॉप आहे, घड्याळ पळतंय, आणि आप्पांचे हात मांड्यांखाली आहेत. प्रत्येक चालीला हात बाहेर काढायला एक सेकंद जातो, परत आत घालायला एक.

काळी मोहरी आप्पांची. समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, आप्पांनीही तेच केलं. दुसऱ्याच चालीला समोरच्याचा वजीर तिरपा बाहेर पडून एच-५ वर. याचं उत्तर पोरासोरांना ठाऊक असतं : घोडा सी-६. आप्पांनाही ठाऊक आहे. पण आप्पांना आधी राग येतो. "दुसऱ्या चालीला वजीर? काही वळण म्हणून आहे का नाही?" या वळणाच्या प्रश्नावर वीस सेकंद खर्च होतात. मग घोडा सी-६. समोरच्याचा उंट सी-४, पुढच्याच चालीला एफ-७ वर मात. आप्पा जी-६. वजीर मागे एफ-३, पुन्हा तीच मात. आप्पा घोडा एफ-६. सगळं नमुनेदार. पंधराव्या चालीला आप्पांचा डाव पुस्तकात छापावा असा होता. घड्याळ मात्र समोरच्याकडे दोन मिनिटं पस्तीस सेकंद आणि आप्पांकडे अठ्ठेचाळीस, असं दाखवत होतं.

इथं आप्पांना घोड्याचं बलिदान दिसलं. दिसलं म्हणजे लगेच दिसलं. त्यांच्या भुवया वर गेल्या त्यावरून मलाही कळलं. मग त्यांनी ते तपासलं. मग समोरच्यानं घोडा न घेतला तर काय, हे तपासलं. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा. घड्याळ लाल झालं, टुंग टुंग वाजायला लागलं, तेव्हा हात बाहेर आला आणि घोडा पडला. काय चाल होती! समोरचा गडबडला, कुठलीतरी प्यादी ढकलत राहिला, त्याचा राजा उघड्यावर आला, पुढच्या चालीला मात, आणि आप्पांचं घड्याळ संपलं.

आप्पा शांत होते. त्यांनी संगणकाचं विश्लेषण मागवलं. स्टॉकफिश नावाचं इंजिन डाव तपासून प्रत्येकाची अचूकता टक्क्यांत सांगतं. आप्पा ९४ टक्के, समोरचा ६१. "हे बघा," आप्पा म्हणाले, "वर लिहिलाय तो घड्याळाचा निकाल. हा खाली आहे तो बुद्धिबळाचा."

पण रोज काही ९४ टक्के पडत नाहीत. मग इतर कारणं असतात, आणि प्रत्येक कारणाला आप्पांकडे वरच्या कोर्टाचा दाखला असतो. नेट गेलं की २०२० चं ऑनलाइन ऑलिंपियाड. अंतिम सामन्यात भारताची गाठ रशियाशी होती. नाशिकचा विदित गुजराथी कप्तान. ऐन वेळी निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि दोघं टायमावर गेले. शेवटी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं दोन्ही देशांना मिळून सुवर्णपदक दिलं. "बघा, न्याय झाला," आप्पा म्हणतात. "माझं नेट गेलं त्याचं पदक कोण देणार?" त्या दिवशी आप्पांचं नेट गेलं नव्हतं, काकूंनी इस्त्री लावण्यासाठी राउटरची पिन काढली होती. पण दाखला तो दाखला.

वयाचं कारण मात्र दोन्ही बाजूंनी चालतं. हरले की "आता वय झालं." जिंकले की विश्वनाथन आनंद : २०१७ साली रियाधला, ४८व्या वर्षी, कार्लसनसुद्धा ज्या स्पर्धेत होता त्या स्पर्धेत जलद बुद्धिबळाचा विश्वविजेता झाला. "वय-बिय काही नसतं हो." सकाळी दूध आणताना आप्पा भेटले, की त्या दिवशी वय आहे की नाही हे चेहऱ्यावरूनच कळतं. निकाल ते देशांच्या नावानं सांगतात, कारण समोरच्याच्या पानावर बहुधा झेंडा असतो आणि आप्पा नाव न वाचता झेंडा वाचतात. "काल व्हिएतनामला लोळवलं. ब्राझीलनं टायमावर नेला." दूधवाल्याला वाटतं, आप्पा बँकेनंतर परराष्ट्र खात्यात लागलेत.

अधिक चिन्हाचा प्रकार याच काळातला. लिचेसवर प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळाशेजारी एक बारीक अधिक चिन्ह असतं. ते दाबलं की त्याला १५ सेकंद जादा मिळतात. दिलदार माणसांसाठी केलेली सोय. आप्पांना वाटलं, ते आपल्याला मिळतात. अधिक म्हणजे जमा, एवढं ३१ वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. कुणाच्या खात्यावर जमा, हे मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच तपासलं नाही. अडचणीत आले की आप्पा अधिक दाबायचे, आणखी अडचणीत यायचे, आणखी दाबायचे. जगभरचे लोक डावाच्या शेवटी त्यांना 'थँक यू' लिहून पाठवायचे आणि आप्पा काकूंना सांगायचे, की परदेशातली माणसं फार सुसंस्कृत असतात.

पिंट्यानं हे बघितलं आणि आजोबांना हातात घ्यायचं ठरवलं. पिंट्या अकरा वर्षांचा. उजव्या हातानं थालीपीठ खातो आणि डाव्या अंगठ्यानं मोबाइलवर एका मिनिटाचा डाव खेळतो. त्याला बुलेट म्हणतात. तीन मिनिटांचा तो ब्लिट्झ. पिंट्याच्या मते ब्लिट्झ हा निवांत खेळ आहे.

पहिला धडा ओपनिंगचा. आप्पा ४० वर्षं पांढऱ्यानं रुय लोपेझ खेळत आले. त्याची अठराव्या चालीपर्यंतची रूपं त्यांनी बँकेच्या जुन्या लेजरमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलीत. पण तीन मिनिटांच्या डावात अठराव्या चालीपर्यंत कुणी त्यांच्याबरोबर येतच नाही. तिसऱ्या-चौथ्या चालीलाच समोरचा आडवाटेला लागतो आणि आप्पा हमरस्त्यावर एकटे. पिंट्यानं लंडन सिस्टिम शिकवली : वजिरापुढचं प्यादं, मग उंट एफ-४, ई-३, घोडा एफ-३, सी-३. "समोरचा काय पण खेळू दे आबा, बहुतेक वेळा आपण हेच खेळायचं. पहिल्या सात-आठ चालींना दहा सेकंद."

"समोरचा काय पण खेळू दे?"

"हां."

"मग त्याला बोलवायचंच कशाला?"

दुसरा धडा प्रीमूव्हचा. समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली चाल लावून ठेवायची. त्याची झाली की आपली आपोआप पडते, आणि लिचेसवर त्याला घड्याळातला एक क्षणही लागत नाही. समोरच्याला आपला मोहरा मारावाच लागणार असेल तर आपली परतफेड तयार ठेवायची, एवढंच. आप्पांना यात चारित्र्याचा प्रश्न दिसला. "समोरचा काय करतोय ते न बघताच उत्तर द्यायचं? हे मला जन्मात जमायचं नाही."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "का? माझ्याशी तर चाळीस वर्षं तेच करताय की. मी तोंड उघडायच्या आधी तुमचं 'नाही' लावून ठेवलेलं असतं."

प्रीमूव्ह आप्पांना त्याच संध्याकाळी जमला.

तिसरा धडा : लागोपाठ तीन डाव गेले की लॅपटॉप मिटायचा. चिडलेला माणूस चांगला खेळत नाही, तो वसुलीला निघालेला असतो. आप्पांनी नियम मान्य केला, फक्त टायमावर गेलेले डाव 'गेलेले' धरायचे की नाही यावर बरेच दिवस वाद चालला. त्या वादाच्या काळात रात्री दीड वाजता खालून टुंग टुंग ऐकू यायचं आणि पाठोपाठ काकूंचा आवाज यायचा. आप्पांचं उत्तर लावून ठेवलेलं असायचं.

चौथा धडा मात्र आजोबांना आवडला. तीन मिनिटांऐवजी तीन अधिक दोन खेळायचं, म्हणजे प्रत्येक चालीमागे घड्याळात दोन सेकंद परत मिळतात. ही युक्ती बॉबी फिशरची. त्यानं अशा घड्याळाचं अमेरिकन पेटंट १९८९ साली मिळवलं आणि १९९२ साली स्पास्कीशी झालेल्या परतीच्या लढतीत ते वापरलं. आप्पांना आधी यात दयेचा वास आला. सवलतीचं त्यांना वावडं. मग पिंट्यानं डोकं चालवलं. म्हणाला, "आबा, हे चालीमागे दोन सेकंद व्याज आहे."

"सरळ का चक्रवाढ?"

"सरळ."

"मग चालेल."

तरी जुनं तीन मिनिटांचं व्यसन पुरतं सुटलं नाही, आणि त्यासाठी आप्पांनी स्वतःची एक युक्ती काढली. ती कुठल्याच ग्रँडमास्टरनं सांगितलेली नाही. आप्पांच्या आजोबांच्या वेळी घरात हिंदुस्थानी पद्धतीचं बुद्धिबळ चालायचं. प्यादं एकेकच घर पुढे जायचं, राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, आणि एकाची सगळी मोहरी मरून नुसता राजा उरला की बुर्जी. म्हणजे डाव पुरा जिंकलाही नाही, हरलाही नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत बुर्जी नाही, पण तिची एक चुलत बहीण आहे : समोरच्याकडे मात करण्याइतकी मोहरी उरलीच नसतील, तर तुमचं घड्याळ संपलं तरी तुम्ही हरत नाही, बरोबरी होते. हा नियम पिंट्यानं सहज बोलता बोलता सांगितला आणि आप्पांचे डोळे चमकले. त्या दिवसापासून ते जिंकत आलेल्या डावात मात शोधायचे बंद झाले. आधी समोरच्याचं एकेक प्यादं वेचून खायचं. शेवटचं प्यादं गेलं की खुर्चीत मागे टेकून म्हणायचं, "झाली बुर्जी. आता टायमाला म्हणावं, ये."

"आबा, दोन चालींत मात होती!"

"असू दे. आधी नुकसान बंद करायचं, मग नफा बघायचा."

या धोरणानं तिसरा रकाना आटला खरा, पण पहिला काही वाढेना. आप्पांच्या डावांत बरोबरीच बरोबरी व्हायला लागली. पिंट्या वैतागला. "आबा, तुम्ही प्रत्येक वेळी सगळ्यात भारी चाल शोधताय. इथं भारी नको असती. बरी चालती." आप्पा म्हणाले, "बरी चाल खेळायला मी मंडळात जात नव्हतो." इथं शिक्षण थांबलं.

मी यात तोंड घातलं ते एका डच मानसशास्त्रज्ञाच्या भरवशावर. अ‍ॅड्रियन डी ग्रूट स्वतः नेदरलँड्सकडून ऑलिंपियाड खेळलेला. कसलेला खेळाडू विचार कसा करतो, यावर त्यानं १९४६ साली प्रबंध लिहिला. साधारण समज असा, की मोठा खेळाडू पुढच्या चाली जास्त मोजतो. डी ग्रूटला दिसलं ते निराळंच. मोजण्याच्या खोलीत मोठ्या आणि मध्यम खेळाडूंत म्हणावा तितका फरक नव्हता. फरक होता तो नजरेत. चांगली चाल मोठ्यांना आधीच दिसलेली असायची. पट काही सेकंद दाखवून झाकला, तरी ते जवळजवळ सगळी मोहरी जागच्या जागी सांगायचे. वर्षानुवर्षं खेळून मेंदूत जे साठतं ते गणित नसतं, ओळख असते. आणि ओळखीच्या माणसाला ओळखायला कुणी आधार कार्ड मागत नाही.

आप्पांना हे पटलं नाही, म्हणून आम्ही घरीच प्रयोग मांडला. पिंट्यानं लॅपटॉपवर एकेक कोडं उघडायचं. आप्पांनी पट दिसताक्षणी तोंडाला येईल ती चाल बोलायची, पिंट्यानं ती वहीत लिहायची. मग आप्पांनी हवा तितका वेळ घेऊन शेवटची चाल सांगायची. दोन रकाने : दिसलेली आणि ठरवलेली. पहिल्या कोड्याला आप्पा लगेच म्हणाले, "हत्ती ई-८." मग हात मांड्यांखाली गेले. पंख्याचा आवाज येत राहिला. पिंट्यानं थालीपीठ संपवलं, हात धुऊन आला. आप्पांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हत्ती ई-८."

दुसऱ्या कोड्याला घोडा, आणि मग पुष्कळ वेळानं तोच घोडा. तिसऱ्याला उंट, आणि मग काकूंचा कुकर उतरल्यावर तोच उंट. एखाद्या ठिकाणी ठरवलेली चाल वेगळी निघाली, आणि तिथं दिसलेलीच बरोबर होती. पिंट्यानं वही आजोबांसमोर धरली. आप्पांनी दोन्ही रकाने वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पाहिले. मग चष्मा काढून विचारलं, "म्हणजे मधला वेळ मी करत काय होतो?"

काकू म्हणाल्या, "मोजत होता."

माझ्या मते जुन्या खेळाडूचं सगळं दुखणं या एका उत्तरात आहे. नवशिक्याला वेळ कमी पडतो, कारण त्याला दिसत नाही. आप्पांना कमी पडतो, कारण दिसलेल्यावर विश्वास नाही. अनुभव डोळ्यांत बसलाय आणि भरवसा बोटांवर. अडीच तासांच्या डावात ही तपासणी परवडते, किंबहुना तिथं तीच जिंकून देते. आप्पांची लिफाफ्यातली चाल त्याच स्वभावाची कमाई आहे. पण तीन मिनिटांत साठेक चाली करायच्या तर एकेकीच्या वाट्याला तीन सेकंद येतात, आणि तेवढ्यात माणूस एकच करू शकतो : दिसलेलं खेळायचं आणि चुकलं तर चुकलं म्हणायचं. वेगानं खेळणं म्हणजे वेगानं विचार करणं, हा आप्पांचा गैरसमज होता. स्वतःला दर तीन सेकंदांनी माफ करत जायचं, एवढंच ते असतं. आणि ज्याची कॅश ३१ वर्षांत एकदाही चुकलेली नाही, त्याला माफी मागायचीही सवय नसते आणि द्यायचीही.

आप्पा हळूहळू शिकले. हात मांड्यांखालून बाहेर आले. डावा टेबलावर, उजवा माऊसवर. शंकेसाठी डावात एकूण तीन जागा ठरवून दिल्या : डाव ओपनिंगमधून बाहेर पडतो तिथं एकदा, वजिरावजिरी होते तिथं एकदा आणि समोरच्याच्या चालीचं कारण अजिबात कळत नाही तिथं एकदा. बाकीच्या ठिकाणी डोळ्याला लागेल ते. चुका व्हायला लागल्या. एकदा चांगला उभा हत्ती फुकट गेला. पूर्वी अशा हत्तीचं सुतक आठवडाभर चालायचं. आता आप्पा "गेला" म्हणाले आणि पुढची चाल खेळले, आणि समोरच्यानं घाईत वजीरच देऊन टाकला. चुका दोघंही करतात, हे आप्पांना सत्तरीला टेकल्यावर कळलं. पूर्वी ते बघायला त्यांच्याकडे सेकंद उरायचेच नाहीत. अचूकता ९४ वरून ८१ वर घसरली आणि रेटिंग चौदाशेवरून सतराशे, सतराशेवरून एकोणीसशे झालं. ही उलटी आकडेमोड आप्पांच्या जिवाला लागली होती. "घोटाळे वाढले तसा ताळेबंद सुधारला," ते म्हणाले. "हे बँकेत झालं असतं तर मी तक्रार केली असती."

आणि एका रात्री आकडा २००३ झाला. आप्पांनी लॅपटॉप तिथंच मिटला. सकाळी पिंट्याकडून पडद्याचा फोटो काढून घेतला, झेरॉक्सच्या दुकानात छापला, लॅमिनेट केला आणि देवघराशेजारी लावला. मग खेळणं बंद.

"आबा, खेळा की."

"एफडी मोडायची नसते."

वर्ष गेलं, वर कितीतरी महिने गेले. आप्पा संध्याकाळी पिंट्याच्या लॅपटॉपवर आपलं पान उघडायचे, आकडा बघायचे आणि मिटायचे. एक दिवस त्यांची हाक आली. पडद्यावर २००३ होतं, पण त्याच्या पुढे प्रश्नचिन्ह होतं.

"हे कुणी लावलं?"

मी समजावलं. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची रेटिंगची पद्धत फिडेनं १९७० साली घेतली. तीत खेळणं सोडलं तरी आकडा जागचा हलत नाही आणि त्याच्याबद्दल कुणी शंकाही घेत नाही. लिचेसची पद्धत ग्लिको, मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञानं काढलेली. तीत प्रत्येक रेटिंगमागे दुसरा एक आकडा असतो, या रेटिंगवर भरवसा किती ठेवायचा याचा. खेळत राहिलात तर भरवसा वाढतो. फार दिवस बसून राहिलात तर कमी होतो आणि प्रश्नचिन्ह येतं.

"म्हणजे माझ्यावर अविश्वास?" आप्पांचा आवाज चढला. "३१ वर्षं कॅशला होतो!"

"आबा, चार डाव खेळा," पिंट्या म्हणाला. "जाईल ते."

"खेळलो तर रेटिंग जातंय. नाही खेळलो तर पत जातीय."

यावर आप्पांनी आपल्याला येणारा तोडगा काढला. प्रति, मा. व्यवस्थापक, लिचेस. विषय : माझ्या रेटिंगपुढील प्रश्नचिन्ह काढून टाकणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, मी आपला जुना खातेदार असून माझे नावे २००३ इतके रेटिंग जमा आहे. सदरचे रेटिंग मी स्वतः खेळून मिळविले असून त्यात कोणतीही अफरातफर नाही. तरी सदर चिन्ह तात्काळ काढून टाकण्यात यावे, ही विनंती. सोबत : लॅमिनेट केलेली प्रत, एक.

हा मसुदा आप्पांनी एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता लिहिला. त्यानंतर त्याची तपासणी सुरू झाली. तपासून, दुरुस्त करून, पुन्हा तपासून तयार केलेली अखेरची प्रत काल पिंट्याच्या हातात आली. इंग्रजी करून पाठवायचं काम त्याच्याकडे आहे. त्यानं ती पहिल्या मसुद्याशेजारी ठेवून वाचली. अक्षर न अक्षर सारखं आहे.